24 फ्लायची खाऱ्या पाण्याची पेटी, 8 महिन्यांनंतर: नंबर बघून घेतली, कात्रीने वापरात आणली

मालवणच्या फेरीनंतर पेटी उघडली तर 24 पैकी 7 फ्लायना (फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं नकली भक्ष्य) शेपूटच नाही. गळ शाबूत, डोळे शाबूत, मागचे केस मात्र वस्तऱ्याने उतरवावेत तसे एका रेषेत साफ. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं एका ओळीत: वापरातलं नुकसान, बदलून मिळणार नाही. सुरमईच्या दातांची भरपाई कोणी देऊ नये, हे मान्य. पण सुरमईने सातही वेळा गळ सोडून फक्त शेपूट का नेलं, हा दोष बांधणीचा आहे आणि पुढचं बरंचसं रडगाणं त्याचंच.

3,200 रुपयांत 24 नग, म्हणजे नगाला साधारण 133. त्यात गळाच्या नंबराप्रमाणे नंबर 4 आणि नंबर 1 चे सहा-सहा क्लाउझर (जड डोळ्यांची केसाळ फ्लाय), 1/0 चे सहा डिसीव्हर (केस-पिसांची माशासारखी फ्लाय), 4/0 चे चार, वर दोन पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारी फ्लाय). नंबर 4 पेक्षा 1 मोठा आणि 1/0 च्या पुढे आकडा वाढेल तसा गळ वाढतो, हे इथे वाचणाऱ्याला सांगायला नको. ‘सर्व आकारांचा संच’ असं झाकणावर छापलंय म्हणून पट्टी लावली. नंबर 4 ची फ्लाय 8 सेंटिमीटर, नंबर 1 ची साडेआठ, 1/0 ची साडेनऊ. गळ बदलला, फ्लाय तेवढीच! मासा गळाचा नंबर वाचत नाही, त्याला समोर साडेआठ सेंटिमीटरचं काहीतरी दिसतं. म्हणजे 18 नगांत खरा आकार एकच, आणि 4/0 चा 15 सेंटिमीटरचा दांडगेश्वर वेगळा.

मराठवाड्यातून खाडीवर जायचं तर आधी अख्खा घाट उतरायचा. पेट्रोल, मुक्काम, भरतीची वेळ गाठायची धडपड. एवढं करून पेटीत एकाच मापाचा माल निघाला तर फेरी वाया. रत्नागिरीवाल्याला हा दोष कदाचित एवढा बोचणार नाही, तो संध्याकाळी दुसरी फ्लाय बांधून पुन्हा जाईल.

फ्लाय किती मोठी असावी, हे आधी माशाच्या तोंडावरून ठरतं. सुरमईचे दात कातरीसारखे. ती वेगात येऊन भक्ष्याचा मागचा भाग कापते आणि मग वळून तुकडे उचलते. म्हणून तिच्यासाठी गळाच्या वाकापासून मागे दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त केस नकोत. लांबी हवी असेल तर लांब दांडीचा गळ घ्यायचा, शेपूट वाढवायचं नाही. पेटीतल्या 1/0 च्या फ्लायमध्ये वाकामागे साडेपाच सेंटिमीटर नुसते केस होते. सुरमईने ते कापले यात तिची काय चूक? (पुढे 15 सेंटिमीटर तार लावली होती, म्हणून निदान गळ तरी परत आले.)

जिताड्याचं उलटं. तो तोंड आणि कल्ले एकदम फाकवतो, पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढलं जातं आणि ‘पॉक’ असा आवाज येतो. तिथे लांब शेपूट दुमडून आत जातं, फारसं बिघडत नाही. अशा गिळणाऱ्या माशाला भक्ष्याच्या लांबीपेक्षा त्याची जाडी अडते. त्यामुळे जिताड्याच्या फ्लायमध्ये बघायचा तो गळाचा गाळा, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातलं अंतर. ते निम्मं तरी मोकळं हवं. या पेटीतल्या नंबर 1 च्या क्लाउझरमध्ये केस इतके कोंबलेत की गाळा बुजलाय. मासा घेतो, ओढ लागते, टोक जबड्यात शिरतच नाही. उपाय सोपा: पोटाकडचे एक तृतीयांश केस मुळाशी कापून टाका. आणि ओढ लागली की रॉड उचलू नका, डाव्या हाताने लाइन सरळ मागे खेचा.

रावस खालच्या अंगाला असलेल्या तोंडाने वाळूलगत जवळा, कोळंबी, बारीक मांदेली टिपतो. त्याला 4 ते 5 सेंटिमीटर पुरे. त्याच्यापुढे साडेआठ सेंटिमीटरची फ्लाय म्हणजे लहान पोराच्या ताटात अख्खी भाकरी.

अपडेट, पाचवा महिना: सुरुवातीला याला दोन तारे देताना ‘नंबर 4 समुद्रात निरुपयोगी’ असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. निरुपयोगी होती ती तिची लांबी. कात्रीने 8 ची 5 सेंटिमीटर केल्यावर पेटीतली सर्वात कामाची फ्लाय हीच ठरली. रावस तर घेतोच, पण पाणी स्वच्छ असताना लहान पेडव्यांच्या थव्यावर तुटून पडलेले ट्रेव्हली मासेही मोठी फ्लाय सोडून हिच्यावर येतात. कापताना कात्री आडवी चालवायची नाही, शेपूट झाडूसारखं बोथट दिसतं. कात्री केसांच्या दिशेने उभी धरून थोडं-थोडं उतरवत टोक निमुळतं ठेवायचं. लांब फ्लाय आखूड करता येते, आखूड लांब होत नाही, म्हणून एकसारख्या मापाची पेटी घ्यायचीच वेळ आली तर मोठ्या मापाची घ्या.

लहान फ्लायला जाड लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला दोरा) चालत नाही. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार, तिथे पुढे 40 पौंड ताण सोसणारा अर्धा मीटर तुकडा लागतोच. तोच तुकडा नंबर 4 ला बांधलात तर फ्लाय काठीला बांधल्यासारखी चालते. तिला 16 पौंड, आणि गाठ घट्ट न आवळता फासाची, म्हणजे फ्लाय मोकळी डोलते.

4/0 बद्दल मत अजून फारसं बदललेलं नाही. पिसं पाणी पितात, आठ वजनाच्या रॉडवर (हे वजन म्हणजे रॉड किती जड लाइन फेकतो त्याचा क्रमांक) ती ओली फ्लाय म्हणजे भिजलेलं पोतेरं फेकणं. दहा वजनाचा रॉड असेल त्यानेच नादी लागावं. एक मात्र कबूल: ओहोटीच्या गढूळ पाण्यात जिताडा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने, पाण्याच्या हालचालीवरून भक्ष्य ओळखतो आणि तिथे जाडजूड डोक्याची फ्लाय बारीक फ्लायपेक्षा सरस पडते. मग लांबी 15 वरून 11 करायची, डोक्याजवळचा भराव तसाच ठेवायचा.

माप कुठून घ्यायचं? बाजारातून. पोचल्या दिवशी कोळणीच्या टोपलीतले पेडवे, मांदेली, बोयची पिल्लं मोजून घ्या. मासा साफ करताना पोटात काय निघतंय तेही विचारा. फ्लाय त्या मापाची किंवा बोटाच्या पेरभर कमी. एकाच मापाच्या भक्ष्याचा दाट थवा असेल तेव्हा उलट किंचित मोठी, नाहीतर हजारांत आपली एक दिसायची कशी?

शेपूट गेलेले सात गळ फेकले नाहीत. पांढरे केस विकत घ्यावे लागले, पण गडद फ्लायसाठी उस्मानाबादी शेळीचे काळे केस खाटकाकडे फुकट मिळाले. ते हरणाच्या शेपटीच्या केसांसारखे पोकळ नसल्याने दोरा आवळला की फिस्कारत नाहीत, त्यामुळे गाळा आपोआप मोकळा राहतो. विकतच्या मालात तीच तर बोंब होती. संधिप्रकाशात काळी आकृती आभाळावर स्पष्ट दिसते, पॉपरपेक्षा हीच बांधा.

गंज हा दुसरा दोष, पण त्यात आपलाही हात आहे. ओली फ्लाय पेटीच्या स्पंजात खुपसली की दोन दिवसांत शेजारच्या कोरड्या फ्लायवरही तपकिरी डाग. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्याला बादलीभर पाणी ओता म्हणणार नाही. पेल्यात अर्धा लिटर घेऊन दोनदा खळबळा, फडक्यावर रात्रभर वाळवा. आपल्याकडच्या हवेत सकाळपर्यंत खणखणीत होतात.

आता तीन तारे. चौथा हवा असेल तर विक्रेत्याने झाकणावर नंबराशेजारी लांबी सेंटिमीटरमध्ये छापावी.