घरच्या पाणबुडीला हवा कशी द्यायची: साधा पाइप, बॉलवाला स्नॉर्कल की सिलिंडरवाला?

भोसरीत फॅब्रिकेशन करतो म्हणून असेल, पण एक-दोन माणसांची पाणबुडी बनवायचं डोक्यात घेतलेली पोरं माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न स्नॉर्कलचाच (पाण्याच्या वर तोंड काढून आत हवा घ्यायचा पाइप) असतो. मी उलटा विचारतो, इंजिन बसवणार की नुसती बॅटरी? कारण हवा नक्की कोणाला पाहिजे त्यावर सगळं ठरतं.

माणूस नुसता बसून मिनिटाला साधारण ०.३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन माणसं आणि आत ३००० लिटर मोकळी जागा धरा, ५० मिनिटांत त्याचं प्रमाण १ टक्क्यावर जातं, आणि ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी त्रास होतो तो ह्याच गॅसचा. पण ह्यावर मिनिटाला १५० लिटर ताजी हवा पुरते. २५ मिमीचा एक पाइप आत यायला, तसाच दुसरा बाहेर जायला (हा दुसरा लोक हमखास विसरतात) आणि बारा व्होल्टचा छोटा ब्लोअर, झालं काम. इंजिनाचं तसं नाही, १ लिटरचं फोर स्ट्रोक डिझेल २००० आरपीएमला मिनिटाला ८५० लिटरच्या आसपास हवा ओढतं, त्याला ५० मिमी तरी पाइप लागतो.

साधा पाइप म्हणजे वर वाकवलेलं तोंड आणि खाली हलला (म्हणजे पाणबुडीच्या कवचाला) हाताने फिरवायचा बॉल व्हॉल्व्ह, पाण्यावर असताना उघडा, बुडी मारायच्या आधी बंद. स्वस्त आणि बिघडण्यासारखं काही नाही. पण लाट आली की पाणी थेट आत, म्हणून खाली पाणी साठायला एक पॉट आणि ड्रेन ठेवाच.

बॉलवाल्यात पाणी चढलं की पोकळ बॉल वर जाऊन सीटवर, म्हणजे पाइपच्या तोंडाच्या कडेवर, बसतो. कल्पना एकदम सुंदर, मलाही फार आवडायची. आम्ही ५० मिमीची सीट आणि ६५ मिमीचा बॉल करून शॉपमध्ये २०० लिटरच्या ड्रममध्ये टेस्ट घेतली, इंजिनाच्या जागी व्हॅक्युम क्लीनर लावला. स्नॉर्कलचं डोकं पाण्यात दाबलं, टक् करून बॉल बसला, थेंब आत नाही. वर काढलं, पाणी निथळलं, तरी बॉल तिथेच. थापट्या मारल्या, हलवलं, ढिम्म. बटण बंद केलं तेव्हा टपकन खाली पडला. नंतर गणित केलं तर उघड होतं, तरंगायचा म्हणजे बॉल दीडशे ग्रॅमच्या आतच हवा, आणि आत ५० मिलिबार जरी ओढ असली तरी त्या सीटवर एक किलोचा जोर येतो, मग बॉल पडणार कसा? तेवढ्यात इंजिन केबिनची हवा खातं. दहा सेकंदांत १४० लिटर गेली की दाब जवळपास ५ टक्के उतरतो, म्हणजे सिंहगडाचा अर्ध्याहून जास्त चढ दहा सेकंदांत, कानांचं काय होईल बघा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवरच्या लोकांनी हेच भोगलंय. ब्लोअरला मात्र हाच बॉल मस्त चालतो, कारण २५ मिमीच्या सीटवर त्याची ओढ दहा ग्रॅमसुद्धा भरत नाही.

सिलिंडरवाल्यात हवेच्या दाबावर चालणारा छोटा सिलिंडर डोक्यातला व्हॉल्व्ह उघडा धरतो. डोक्याशी दोन इलेक्ट्रोड पाणी ओळखतात, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) ती हवा सोडून देतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. हवेने उघडायचं आणि स्प्रिंगने मिटायचं, उलटं नाही, म्हणजे वायर तुटली तरी बंदच राहणार. सिलिंडर, सोलेनॉइड भोसरीत कुठेही मिळतात. वायरिंग आणि कॉम्प्रेस्ड हवेची कटकट आहे, पण इंजिनाला मी हेच सांगीन, सोबत केबिनचा दाब उतरला की इंजिन बंद करणारा स्विच. आणि इंजिन माणसांच्या जागेत नको, मध्ये गॅसटाइट भिंत पाहिजे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डोकं कुठलंही निवडा, हलवरचा व्हॉल्व्ह सगळ्यात महत्त्वाचा. १९३९ मध्ये अमेरिकेची स्क्वालस पाणबुडी बुडाली ती इंजिनाला हवा देणारा मोठा व्हॉल्व्ह उघडा राहिल्यामुळे, आणि बोर्डावरचे दिवे मात्र व्हॉल्व्ह बंद असल्याचं दाखवत होते. २६ जण गेले, ३३ वाचले. म्हणून दिव्यावर विसंबू नका, हँडल डोळ्यांना दिसणारा, बसल्या जागी हात पोचणारा, क्वार्टर टर्न स्टेनलेस बॉल व्हॉल्व्ह घ्या. बुडी मारायच्या आधी सगळं मिटून आत थोडी हवा सोडा आणि गेज बघा, दाब टिकला तरच खाली. ३ मीटरवर ५० मिमीच्या उघड्या भोकातून मिनिटाला ५०० लिटरहून जास्त पाणी येतं, २५ मिमीतून त्याच्या चौथाई.

म्हणून पहिलीच पाणबुडी असेल तर बॅटरी, २५ मिमीचे दोन पाइप, वर छोटे बॉल, इतकंच करा. आणि टेस्टला खडकवासल्यात जाऊ नका, ते पुण्याचं पिण्याचं पाणी आहे. ओळखीतल्या कोणाची खोल विहीर बघा, वर क्रेन लावा, आणि पहिल्या वेळी आत माणसाऐवजी वाळूची पोती ठेवा.