नोएडा, 2006: दोन बेपत्ता, दोन न्याय

नोव्हेंबर 2006. नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याच्या तीन वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. पोलिसांची पथकं धावली, वाहिन्यांनी दिवसभर बातमी लावून धरली, आणि काही दिवसांत मूल घरी परतलं. हे व्हायलाच हवं होतं.

त्याच शहरातल्या निठारी गावात मात्र 2005 पासून मुलं गायब होत होती. आईबाप मजूर, घरकामगार, बरेचसे पोटासाठी परगावाहून आलेले. ते फोटो घेऊन चौकीत खेटे घालत होते. त्यांना उत्तर मिळे: पळून गेली असेल, येईल परत. गुन्हाच नोंदला नाही, तर शोधणार कोण? कॅमेरे तिथे पोहोचले ते डिसेंबरअखेर, नाल्यात मुलांची हाडं सापडल्यावर.

फरक पालकांच्या वजनाचा होता, आणि मला तो असह्य वाटतो. सुरुवातीचे दिवस हातचे गेले की पुरावेही जातात. पुढे 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढत या हत्यांच्या आरोपींना बहुतेक खटल्यांत निर्दोष सोडलं.

बेपत्ता मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये बजावलं. तुमच्या ओळखीत कुणावर ही वेळ आली, तर एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.