टूना: आठ महिने डब्यातला पण खाल्ला आणि ताजा पण

आईने पहिल्यांदा डबा बघितला तेव्हा उलटासुलटा केला, उघडल्यावर वास घेतला आणि म्हणाली, "अरे हा तर कुपा! दोनशे ऐंशी रुपये देऊन कुपा आणलास?" टूनालाच आमच्याकडे कुपा म्हणतात. आई रेवदंड्याची, तिच्याकडे माशांची उतरंड ठरलेली आहे, पापलेट सुरमई वर, मग रावस हलवा, आणि कुपा कुठेतरी पार तळाला, काहीच नसेल तर आणायचा मासा. जिममधला ट्रेनर मात्र असं सांगत होता जणू टूना म्हणजे समुद्रातलं पनीर. दोघांच्या मधे मी. फेब्रुवारीत सुरू केलं, आता ऑक्टोबर उजाडला, आठवड्यातून दोनदा तरी खाल्लाय, डब्यातला पण आणि बाजारातला पण, म्हणून लिहितोय.

आधी डब्याबद्दल. डब्यावर मोठ्या अक्षरात 185 ग्रॅम लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरात ड्रेन्ड वेट, म्हणजे पाणी काढल्यावर उरणाऱ्या माशाचं वजन, माझ्याकडच्याचं 130 होतं. म्हणजे 55 ग्रॅम पाण्याचे पैसे तुम्ही देताय, त्यामुळे दोन कंपन्यांचे भाव ताडून बघायचे तर ड्रेन्ड वेटवर बघा, डब्याच्या आकारावर नको. मी पहिला महिनाभर वरचाच आकडा बघून स्वस्त म्हणून एक डबा आणत होतो, वजन करून बघितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मग तेलातला की पाण्यातला. ट्रेनर म्हणे पाण्यातलाच. मी दोन्ही खाऊन बघितले. पाण्यातला कोरडा लागतो, पण त्याच्यात आपण आपला मसाला घालू शकतो आणि कॅलरी कमी. तेलातला नुसता खायला चांगला, ब्रेडवर कांदा, मिरपूड, लिंबू घालून मस्त, पण ते तेल बहुतेक सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं असतं आणि आपल्या फोडणीत त्याची चव घुसते. घरी रोजच्यासाठी पाण्यातला, प्रवासात तेलातला, असं माझं ठरलंय. आणि तेल निथळून टाकलं की माशातली थोडी चरबी पण त्याच्याबरोबर जाते, तेव्हा ओमेगा थ्रीसाठी खाताय म्हणत तेल सिंकमध्ये ओतणाऱ्यांनी जरा विचार करा.

फ्लेक्स म्हणजे चुरा, चंक म्हणजे तुकडे, सॉलिड म्हणजे मोठा सलग गर. भुर्जीला फ्लेक्स चालतात, उगाच सॉलिडचे पैसे घालवू नका.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. मार्चमध्ये मी डब्यातल्या टूनाचं कालवण केलं. आईचंच वाटण, खोबरं, मिरची, धने, आमसूल, सगळं बरोबर, आणि वरून डबा ओतला आणि दहा मिनिटं उकळलं. जे झालं त्याला कालवण म्हणवत नाही, ओला भुसा घातलेला रस्सा झाला. आईने एक घास घेतला आणि दही मागितलं. नंतर वाचलं की डब्यात भरायच्या आधी मासा एकदा वाफेवर शिजवतात, मग काटा-कातडी काढून भरतात, आणि सील केल्यावर डब्यासकट परत प्रेशरवर शिजवतात. म्हणजे दोनदा शिजलेला मासा मी तिसऱ्यांदा उकळत होतो, त्यात रस राहणार कुठून. तेव्हापासून डब्यातल्या टूनाला मी मासा समजतच नाही, त्याला मी खिमा समजतो, आणि तिथून सगळं सुरळीत झालं.

भुर्जी अशी करतो. डबा उघडायचा पण झाकण काढायचं नाही, तेच झाकण अंगठ्याने आत दाबायचं आणि सिंकवर डबा उलटा धरायचा, पाणी पिळून निघतं (पाणी मांजराला घालू नका, खारट असतं, आमच्या बिल्डिंगचा बोका तरी त्यासाठी रोज दारात बसतो). कढईत कांदा चांगला लाल करायचा, आलं-लसूण, हिरवी मिरची, टोमॅटो पार गळेपर्यंत, हळद, मालवणी मसाला, आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी टूना. फक्त दोन मिनिटं. वर कोथिंबीर आणि लिंबू. मीठ चाखूनच घाला कारण डब्यात आधीच असतं. तांदळाच्या भाकरीबरोबर आईने पण खाल्ली, काही बोलली नाही पण दुसऱ्यांदा वाढून घेतली. उरली तर उकडलेला बटाटा कुस्करून दुसऱ्या दिवशी कटलेट, रव्यात घोळवून. मेयोनीज सँडविच वगैरे मला नाही जमलं, दोनदा केलं आणि सोडून दिलं.

पाऊस लागल्यावर डब्याची खरी किंमत कळली. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर वगैरेंना बंदी, बाजारात बर्फातला नाहीतर गोड्या पाण्यातला मासा, आणि भाव असे की विचारून पुढे जायचं. ते दोन महिने डब्यावर काढले. श्रावण आईसाठी वेगळी कढई ठेवून पार पडला.

कुठला टूना हे पण बघा. डब्यावर लाइट लिहिलं असेल तर बहुतेक स्किपजॅक, व्हाइट लिहिलं तर अल्बाकोर. दिसायला अल्बाकोर भारी, पण मोठा आणि जास्त जगणारा मासा, त्यामुळे त्यात पारा जास्त साठतो, अमेरिकेच्या एफडीएच्या (तिकडचं अन्न-औषध खातं) आकड्यांत डब्यातला लाइट सरासरी 0.126 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि अल्बाकोर 0.350, म्हणजे जवळजवळ तिप्पट. मी स्किपजॅकच घेतो, आणि आठवड्याला दोन-तीन डब्यांच्या वर जात नाही. बहीण गरोदर आहे, तिला तर मी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू दिला नाही.

आता ताजा. डब्याच्या पैशात आमच्या ठाण्याच्या बाजारात अर्धा-पाऊण किलो गेदर, म्हणजे छोटा टूना, येतो, त्यामुळे आईचं म्हणणं पैशाच्या हिशोबात अजूनही बरोबरच आहे. बाजारात सगळ्याच टूनाला कुपा नाहीतर गेदर म्हणून खपवतात पण बघितलं तर फरक कळतो. पाठीवर वेड्यावाकड्या रेघा आणि छातीच्या पराखाली दोन-चार काळे ठिपके असले तर तो छोटा टूना, गेदर. पोटावर लांब आडव्या काळ्या पट्ट्या असल्या तर स्किपजॅक. शेपटीकडचे बारीक पर पिवळे दिसले तर यलोफिन, तो मोठा असतो आणि तुकड्यावर विकतात. माझी आवड म्हणाल तर किलो-दीड किलोचा गेदर, अख्खा, डोळे फुगीर, कल्ले लाल, आणि बोटाने दाबलं तर खड्डा न राहणारा. कापून ठेवलेला कुपा मी आता घेतच नाही, त्याचं कारण पुढे.

एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता गल्लीत स्कूटरवरून मासे विकणारा एक जण आला, टपात कापलेले तुकडे, बर्फ नावाला. स्वस्त होता, घेतला, संध्याकाळी तळला. वास वाईट नव्हता, फक्त एक तुकडा जिभेला चुरचुरला, मिरी लागल्यासारखा, मला वाटलं मसाला. अर्ध्या तासात माझा चेहरा, कान, मान लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. बायकोला वाटलं ॲलर्जी. डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "बांगडा खाल्ला का टूना?" मग सांगितलं की या जातीच्या माशांत हिस्टिडीन नावाचं अमायनो आम्ल भरपूर असतं, मासा उन्हात राहिला की बॅक्टेरिया त्याचं हिस्टामाइन करतात, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, आणि ते एकदा तयार झालं की तळा, उकळा, काही केलं तरी जात नाही. गोळीवर दोन तासांत बरा झालो. मला माशाची ॲलर्जी नाही हे ऐकून जीवात जीव आला, पण तेव्हापासून सकाळी आठच्या आत बाजारात जातो, पिशवीत बर्फ मागून घेतो आणि घरी आल्या आल्या साफ करतो. कोळीण हसते, म्हणते, "दादा, लग्नाला नेताय काय मासा?" हसू दे.

कुप्याला रक्त फार, ही लोकांची मुख्य तक्रार. हा मासा थांबतच नाही, जन्मभर पोहत राहतो, म्हणून मांसात तो लाल रंग, आणि त्याचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं. तुकड्याच्या मधे काळपट लाल पट्टा असतो त्यालाच सगळ्यात उग्र वास. आई तो पट्टा सुरीच्या टोकाने काढते, मग तुकडे मीठ आणि कोकमाच्या आगळात वीसेक मिनिटं ठेवते, ते लाल पाणी ओतून देते आणि मगच तिरफळ घालून घट्टसर तिखलं करते. पातळ रस्सा नाही करायचा. आणि तळणार असाल तर तुकडी जाड हवी, पातळ तुकडी तव्यावर पुठ्ठा होते. तव्यावरून मधे किंचित गुलाबी असतानाच काढला तर सगळ्यात रसरशीत लागतो असं माझं मत, आई तसा खात नाही, तिचे तुकडे मी पाच मिनिटं जास्त ठेवतो.

एक तिसरा प्रकार अचानक हाती लागला. मित्र लक्षद्वीपला गेला होता, त्याने मास्मिन आणलं, म्हणजे टूना उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक वाळवलेला. तिकडे मिनिकॉयला गळ-काठीने एकेक टूना ओढून पकडतात. ती कांडी बघून मला काही सुधरेना, पण आईने क्षणात ओळखलं, म्हणाली सुकटासारखंच. खलबत्त्यात कुटली, तव्यावर भाजली, लसूण, सुकी मिरची, खोबरं, थोडी चिंच. ती चटणी वरणभाताबरोबर आठवडाभर पुरली. आठ महिन्यांत जे जे टूनाचं खाल्लं त्यात पहिला नंबर तिचाच. आता त्या मित्राला परत लक्षद्वीपला कधी जातोस म्हणून आईच फोन करून विचारते.