पुस्तकं, एलपी, कॅसेट: नोंदीसाठी शीट, तयार ॲप की स्वतःचं ॲप?

पंचवटीतल्या जुन्या घरातून बाबांचा संग्रह गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आणला, तेव्हा १९ खोकी भरली. पुस्तकं जास्त, त्याखालोखाल एलपी आणि कॅसेट. कुठलं पुस्तक कोणाकडे गेलंय हे फक्त बाबांना ठाऊक होतं, आणि त्यांना आता आठवेनासं झालं होतं. नोंद करणं भाग होतं. तीनही मार्ग वापरून झालेत, म्हणून सांगतो.

तुमचा संग्रह मुख्यतः एलपींचा असेल तर स्वतःचं ॲप बनवायला बसू नका. डिस्कॉग्ज ही रेकॉर्डच्या नोंदींची वेबसाइट २००० सालापासून चालू आहे. रेकॉर्डच्या लेबलवरचा कॅटलॉग नंबर टाकला की बहुतेक वेळा नेमकी तीच आवृत्ती सापडते. शंका राहिली तर रेकॉर्ड तिरकी धरून उजेडात पाहा: गाणी संपतात तिथे, लेबलच्या कडेला, कोऱ्या पट्ट्यावर एक बारीक नंबर कोरलेला असतो. तो जुळला की प्रश्न मिटला.

मराठी पुस्तकांचं मात्र तसं होत नाही. तयार ॲप बारकोड वाचतं, म्हणजे ९७८ ने सुरू होणारा १३ आकडी आयएसबीएन, पुस्तकाचा ओळख क्रमांक. हे १३ आकडे २००७ पासूनचे, त्याआधी १० होते, आणि मुळात ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली १९७० मध्ये. बाबांची निम्मी पुस्तकं त्याआधीची. नंबर असलेल्या मराठी पुस्तकांचीही माहिती अनेकदा सापडत नाही, किंवा शीर्षक रोमन लिपीत येतं. म्हणजे टायपिंग टळत नाहीच. शिवाय मी वापरत होतो ते एक ॲप बंद पडलं आणि ४०० नोंदी गेल्या. तेव्हापासून सगळ्या नोंदी सीएसव्हीत, म्हणजे कुठल्याही शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, बाहेर काढता येत नसतील अशा ॲपला मी हात लावत नाही.

गूगल शीट फुकट आहे, घरातल्या सगळ्यांना कळते, आणि तिच्यात एक कोटी सेल मावतात. सुरुवात तिथूनच करा. ती अडते कुठे, तर नाशिककरांच्या घरी पहिल्याच कप्प्यात. कविता कुसुमाग्रजांच्या, नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, माणूस एकच. शीटमध्ये फिल्टर लावला की अर्धीच पुस्तकं दिसतात. स्वतःच्या ॲपमध्ये लेखकांचं एक टेबल आणि नावांचं दुसरं टेबल करता येतं, दोन्ही नावं एकाच लेखकाला जोडायची.

दुसरी अडचण अक्षरांची. ‘कादंबऱ्या’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो, ‘ॲ’ सुद्धा. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो, म्हणून समोर असलेली नोंद शोधल्यावर मिळत नाही. युनिकोडचं (संगणकातल्या अक्षरांच्या मानकाचं) नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, वापरूनही ‘ॲ’ ची दोन रूपं एक होत नाहीत. नोंद करताना आणि शोधताना, दोन्ही वेळा आपणच एक रूप ठरवून बदल करावा लागतो. कोडच्या चारपाच ओळी आहेत, पण माझ्या ॲपमधल्या सगळ्यात मोलाच्या.

मी ॲप बनवायला फ्लटर आणि डेटा साठवायला एसक्यूलाइट वापरलं. सगळा डेटा एकाच फाइलमध्ये राहतो, बॅकअप म्हणजे ती फाइल कॉपी करणं. अँड्रॉइडवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, थेट फोनमध्ये टाकली. घरात आयफोन असेल तर आधी विचार करा: ॲपलच्या फुकट खात्यावरून टाकलेलं स्वतःचं ॲप ७ दिवसांनी चालायचं थांबतं, ते टाळायला वर्षाला ९९ डॉलर लागतात.

प्रोग्रामिंग येत असेल, संग्रह मराठी असेल आणि पुस्तकं उसनी जात असतील, तर स्वतःचं ॲप करा. यातली एक जरी गोष्ट लागू नसेल तर शीट पुरे. पण सहा महिने शीट वापरल्याशिवाय कोडला हात लावू नका. कुठले रकाने खरंच भरले जातात ते तेव्हाच कळतं. मी प्रकाशक, किंमत, पानं असे १४ रकाने केले होते. नियमित भरले गेले पाच, आणि बाबा रोज उघडतात तो एकच: ‘कोणाकडे आहे’.