पैसे खात्यात आले, आणि खातंच गोठलं

जुनी वाद्यं आणि साउंडचं सामान विकणाऱ्यांना क्यूआर कोडची भानगड आता पाठ झाली आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही, हे चाळीतलं शाळकरी पोरगंही सांगेल. मला ज्याने गंडवलं त्याने यातलं काहीच केलं नाही. त्याने खरे पैसे पाठवले, तेही पूर्ण.

विकायला काढलं होतं रोलँडचं डायमेन्शन डी, एसडीडी-३२०. १९७९ साली आलेलं, रॅकमध्ये बसणारं कोरस युनिट, म्हणजे आवाज भरदार करणाऱ्या यंत्राची पेटी. साध्या कोरसमध्ये मूळ आवाजात तोच आवाज किंचित उशिराने मिसळतात आणि तो उशीर सतत कमी-जास्त करतात, त्यामुळे सूर हेलकावतो. डायमेन्शन डीमध्ये डावी-उजवी बाजू एकमेकींच्या उलट चालतात. एकीकडचा सूर चढला की दुसरीकडचा उतरतो, म्हणून हेलकावा जवळजवळ लपतो आणि आवाज फक्त रुंद होतो. फिरवून असर कमी-जास्त करायला नॉब नाहीत, चार बटणं आहेत, त्यातलं एक दाबायचं. जुने वादक दोन बटणं एकदम दाबून मधलाच एखादा रंग काढतात. रोलँडच्याच बॉस या ब्रँडने हीच कल्पना १९८५ मध्ये पायाने दाबायच्या डीसी-२ पेडलमध्ये आणली, २०१८ मध्ये ते पेडल नव्याने काढलं, तरी मूळ पेटीचा भाव काही उतरत नाही. आमची पेटी काकांची, त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांतली. जपानी १०० व्होल्टची असल्याने लॅमिंग्टन रोडवरून मुद्दाम ट्रान्सफॉर्मर बांधून घेतलेला.

फोन आला तो चांगल्या मराठीत. "दादा, अंधेरीत छोटा स्टुडिओ टाकतोय." व्हिडिओ कॉलवर त्याने झाकण उघडायला लावलं, आतला बोर्ड नीट बघितला आणि म्हणाला, "एक आणि चार एकदम दाबून दाखवता का?" हे विचारणारा माणूस भुरटा असेल असं कोणाच्या मनात येईल? भावात घासाघीसही त्याने रीतसर केली. १ लाख ४० हजारांवर ठरलं. यूपीआयला दिवसाची लाखाची मर्यादा, म्हणून आयएमपीएस करतो म्हणाला. पैसे आले. मी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन शिल्लक बघितली, पैसे रात्रभर तसेच राहू दिले आणि सकाळी पुन्हा बघितले. मग त्याच्या पाठीत उसण भरली, आणि पेटी न्यायला त्याने सामान पोचवणारा बाइकवाला पाठवला.

पुढच्या आठवड्यात दादरला वाण्याकडे कार्ड चालेना. बँकेतल्या बाईंनी स्क्रीन बघून शांतपणे सांगितलं, "तुमचं डेबिट फ्रीज आहे, सायबर पोलिसांकडून आलंय." पोलीस मुंबईचे नव्हेत, दुसऱ्याच राज्यातले. तिथल्या एका गृहस्थाला शेअरच्या गुंतवणुकीच्या नावाखाली कोणीतरी एक खातेक्रमांक दिला होता. तो क्रमांक माझा. त्याने पैसे भरले ते माझ्या खात्यात, आणि त्या पैशांवर पेटी घेऊन गेला भलताच. त्या गृहस्थाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसा जिथे जिथे गेला ती खाती त्या यंत्रणेतून रोखली जातात, आणि ते योग्यच आहे. तो बिचारा माझ्याइतकाच नागवला गेलाय. पण पोलिसांच्या कागदावर 'लाभार्थी' म्हणून नाव माझं लागलं.

हा डाव कळायला मला वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहितोय. चोराने स्वतःचं खातं कुठे वापरलंच नाही. एका टोकाला पैसे देणारा, दुसऱ्या टोकाला माल देणारा, दोघेही खरी माणसं, आणि आम्ही एकमेकांना अनोळखी. माझ्या बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम आणि संदर्भ क्रमांक होता, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. ते सापडलं नंतर काढलेल्या स्टेटमेंटमध्ये.

बँक म्हणते तपास अधिकाऱ्याची एनओसी आणा. तपास अधिकारी म्हणतात कागद ईमेल करा. मी जाहिरात, सगळं चॅट, काकांचा पेटीसोबतचा जुना फोटो, सिरीयल नंबरचा फोटो आणि डिलिव्हरीची पावती पाठवली. बऱ्याच फोनाफोनीनंतर बाकीचं खातं मोकळं झालं, १ लाख ४० हजार मात्र अजून अडकलेले आहेत. माझ्या फसवणुकीची तक्रार मी इथल्या पोलीस ठाण्यात वेगळी दिली आहे. तीही द्यावीच लागते. नाहीतर सगळ्या कागदांत तुम्ही फक्त पैसे घेणारे उरता.

आता मी विकतो तेव्हा घेणाऱ्याच्या खात्यातून आधी एक रुपया मागवतो आणि स्टेटमेंटमधलं नाव त्याच्या ओळखपत्राशी ताडून बघतो. मेव्हण्याच्या, पार्टनरच्या, कंपनीच्या खात्यातून म्हणाला की व्यवहार बंद. माल न्यायला ज्याचं नाव तोच माणूस आला पाहिजे. साध्या कागदावर सिरीयल नंबर घालून दोघांच्या सह्या. लोक कुरकुरतात, एकजण तर "एवढा अविश्वास?" म्हणून फोन आपटून गेला. जाऊ दे. आणि असे पैसे ज्या खात्यात घ्यायचे त्यात पगार किंवा घरखर्च ठेवू नका, कारण गोठतं तेव्हा कधी कधी अख्खं खातं गोठतं. अनोळखी पैसे आले आणि कोणी फोन करून "चुकून आले, या नंबरवर परत करा" म्हणालं तरी परस्पर करू नका, बँकेला लेखी कळवा.

पेटी अजून मुंबईतच फिरत असावी. रॅकला बसवायच्या उजव्या कानाचं, म्हणजे बाजूच्या पट्टीचं, खालचं स्क्रूचं भोक कानशीने लांबट केलेलं आहे, आणि मागे पॉवरच्या वायरीजवळ लाल रंगात, हाताने, देवनागरीत '१०० व्होल्ट' लिहिलेलं आहे. अशी पेटी कोणी स्वस्तात दाखवली तर घेऊ नका, विकणाऱ्याचं नाव आणि नंबर टिपून जवळच्या पोलीस ठाण्यात द्या.