पाचक एन्झाइमच्या गोळ्या: सात महिन्यांच्या वापरानंतर

तिसरी बाटली अर्धी झाली आणि रात्री दोन वाजता घशाशी आंबट आलं म्हणून उठून बसलो. मोबाइलचा टॉर्च लावून बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली. आधीच्या दोन बाटल्यांवर नसलेला एक घटक यादीत शेवटून दुसरा होता: बीटेन हायड्रोक्लोराइड. ते पोटात विरघळलं की आम्ल सुटतं. पित्तासाठी आणलेल्या गोळीतून मी रोज दोनदा आम्लच घेत होतो. पुढच्या बाजूला मात्र ठसठशीत ‘ॲसिडिटी, गॅस, अपचन’ आणि वर ‘नवीन, अधिक प्रभावी’.

पहिल्या दोन बाटल्यांबद्दल माझी तक्रार नाही. जेवणानंतर पोटाला तडस लागायची, ती तिसऱ्या आठवड्यापासून कमी झाली. दुधानंतरची गुडगुड तर जवळजवळ थांबली. मिश्रणात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज आहे, त्याचाच तो गुण. गोळी पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवून उठल्यावर घेऊन उपयोग होत नाही. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

जळजळही कमी झाल्यासारखी वाटत होती. मग वहीत रोजची नोंद ठेवली. लवकर जेवलो तर त्रास नाही, उशिरा जेवून लगेच आडवा झालो तर आहेच, गोळी घेतलेली असली तरी. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू नको तेव्हा सैल पडतो आणि आम्ल वर येतं. अमायलेज पिष्ट फोडतं, प्रोटिएज प्रथिनं, लायपेज स्निग्ध पदार्थ. तो स्नायू यातलं काहीच आवळत नाही. फुगणं आणि जळजळ ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि लेबल ती एकाच ओळीत बसवतं.

लेबलवर माझा आणखी एक राग आहे. सगळे आकडे मिलिग्रॅममध्ये. ते नुसतं वजन झालं. एन्झाइम किती काम करेल हे युनिटमध्ये मोजतात, आणि इथे एकही युनिट छापलेलं नाही. तीन बाटल्यांचे पैसे मोजले, पण आत ताकद किती होती हे आजही सांगता येत नाही.

ग्राहक सेवेला तीनदा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं, “सगळं नैसर्गिक आहे.” मी आम्लाबद्दल विचारलं होतं! दुसऱ्यांदा फोटो मागवले. तिसऱ्यांदा, उघडलेली बाटली परत घेत नाही.

दोन आठवड्यांनंतरची भर: गोळी थांबवल्यावर रात्रीचं उठणं कमी झालं, पण गेलं नाही, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. गिळताना अडकतं का, वजन उतरलंय का, शौचाला काळी होते का, हे त्यांनी आधी विचारलं. यातलं काही असतं तर थेट दुर्बिणीची तपासणी. नव्हतं. सध्या सकाळी खाण्याआधी अर्धा तास ओमेप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारं औषध, ठरलेल्या मुदतीपुरतं. ते मनाने अचानक बंद केलं तर आम्ल उसळून येऊ शकतं, असं बजावलंय. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवले, डाव्या कुशीवर झोपतो, जेवण झोपेच्या तीन तास आधी. गेले नऊ दिवस सलग झोप लागली आहे.

एक तारा दिला होता, लॅक्टेजसाठी दोन करतो. उरलेली अर्धी बाटली टाकून देताना जिवावर आलं, तरी टाकली. दुधासाठी आता नुसत्या लॅक्टेजची गोळी आणली आहे. तिच्यावर ९००० एफसीसी युनिट असं स्पष्ट छापलंय. पैसे देण्याआधी दुकानातच वाचून घेतलं.