कुरूप बदकाच्या पिल्लासोबत आठ महिने

मुलगा पहिलीत गेला त्या जूनमध्ये आम्ही फोंड्याच्या बाजारातून कुरूप बदकाच्या पिल्लाच्या गोष्टीचे मराठी चित्रपुस्तक आणले. आता फेब्रुवारी सुरू आहे, आणि पान उलटायच्या आधीच पुढचे वाक्य मुलाच्या तोंडून येते.

आधी तक्रार सांगतो. पुस्तक पिनांनी बांधलेले असल्यामुळे गोव्याच्या पावसाळ्यात त्या ऑगस्टपर्यंत गंजल्या, आणि मधले पान नेमके तळ्यात गोठलेल्या पिल्लाचे असल्याने त्या पांढऱ्याशुभ्र चित्रावर दोन तांबूस डाग कायमचे बसले. याच पानाने आम्हाला कामालाही लावले. गोठलेले तळे म्हणजे काय, हे इथल्या मुलाला सांगून कळत नाही. म्हणून त्याने प्लॅस्टिकचे बदक पाण्याच्या वाडग्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले आणि सकाळी, गोष्टीतला शेतकरी लाकडी बुटाने बर्फ फोडतो तसे, स्वतःच्या चपलेने फोडून बाहेर काढले. वाडगा गेला.

हान्स क्रिश्चन अँडरसन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या गोष्टीतला म्हातारीच्या झोपडीचा प्रसंग संक्षेप करताना सर्रास गाळला जातो. या पुस्तकात तो आहे, आणि माझ्या मते पुस्तकाची किंमत तेवढ्यानेच वसूल होते. तिथे कोंबडी पिल्लाला विचारते, तुला अंडी घालता येतात का; बोका विचारतो, पाठीची कमान करता येते का, घुरघुरता येते का; आणि यातले काहीच जमत नसेल तर शहाण्यांच्या बोलण्यात तू मत मांडू नकोस, असे दोघे त्याला बजावतात. आम्ही कोल्हापूरचे. शाळा मराठी असली तरी मधल्या सुट्टीत सगळी मुले कोंकणीत बोलत, आणि आमच्या मुलाच्या तोंडचे ‘मला’ ऐकून हसत. सप्टेंबरात एका रात्री त्याने बोक्याचा प्रश्न अचानक कोंकणीत म्हटला, ‘तुका येता?’, आणि स्वतःच हसत सुटला. त्यानंतर बोका आमच्याकडे कोंकणीच बोलतो.

शेवट मात्र मला अजून पटलेला नाही. पिल्लू मुळातच राजहंसाच्या अंड्यातले होते, म्हणून त्याला आपली जागा मिळते. मग जे खरोखरच साधे बदक आहे आणि तरीही कळपात टोचून घेते, त्याने काय करावे? मुलाची अडचण निराळी होती. डिसेंबरात करमळीच्या तळ्यावर अडई या रानबदकांचे थवे पाहताना त्याने राजहंस कुठे आहे म्हणून विचारले. तो इथे येत नाही असे सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘मग ते पिल्लू इथे आले असते तर त्याला कळलेच नसते.’ यावर मला उत्तर सुचले नाही.

अनुवाद सरळ आहे, टाइप मोठा आहे. घेणार असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आत पिना काढून पुस्तक दोऱ्याने शिवून घ्यावे. आम्ही ते दिवाळीत केले.